धरल्यान

लवूमामाला एका जागी बसवायचं असेल तर त्याच्या पायाला दोरी बांधा, असं त्याची बायको रखमामामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. जेवायला बसला तरी माणूस तीनदा उठायचा. एकदा मिठाला, एकदा कडी लागली का बघायला आणि एकदा कशाला ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. चाळीतून चालताना बोटांच्या पेरांनी प्रत्येक खांब, प्रत्येक कठडा ठोकत जायचा. आमच्या दाराच्या चौकटीवर रोज सकाळी सहाला टकटक व्हायची आणि माझी झोप मोडायची. मी तेव्हा बावीस वर्षांचा, हिंदमात्याजवळ एका कापडाच्या दुकानात गजानं कापड मोजायचो, आणि माणसाला सहाला उठवणं हा मला गुन्हा वाटायचा. एकदा चिडून विचारलं, मामा, खांब काय उत्तर देतात? तो म्हणाला, देतात, तुला ऐकू येत नाहीत.

मामा मालवणकडचा. सोळाव्या वर्षी बोटीनं मुंबईत आला, गोदीत बिगारी म्हणून लागला आणि वीस-बावीस वर्षांत काँक्रीटच्या टोळीचा मुकादम झाला. समुद्राच्या पाण्यात भिंती उठवायचं त्यांचं काम. नात्यानं तो माझा कोणी नव्हता, पण चाळीतले सगळेच त्याला मामा म्हणत. ठोकायची सवय त्याला कुठून लागली ते त्यानं मला एकदाच सांगितलं. बिगारी असताना पायाखालची फळी करकरलेली त्याला ऐकू आली होती. मुकादम खेकसेल म्हणून तो गप्प राहिला. मागून घमेलं घेऊन येणारा माणूस फळीसकट पाण्यात गेला, तो वर आलाच नाही. एवढं सांगून मामा उठला आणि उगाचच खिडकीचा गज हलवून बघायला लागला.

आमची चाळ परळला. जुनी माणसं सांगत की तिथं पूर्वी तळं होतं, ते बुजवून वर चाळी बांधल्या. खरं असावं, कारण पावसाळा सोडा, ऐन वैशाखातही दोन हात खणलं की खाली पाणी. लाकडी चाळ, दोन मजली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीचं रस्त्याकडचं टोक म्हणजे आमची बाल्कनी, फुकटातली. छप्पन साल लागत होतं, मुंबईचं काय होणार या एका प्रश्नानं गिरणगावात कुणाला झोप नव्हती. सभेहून माणसं परतली की घोषणा ऐकायला, मोर्चा निघाला की बघायला, सगळी चाळ त्या टोकाला लोटायची. तिथं जागा मिळावी म्हणून बायका आमटीखालचा स्टो बंद करून धावत.

आणि नेमक्या त्याच टोकाखालच्या खांबाला मामानं एक दिवस ठोकलं आणि तो थांबला. पुन्हा ठोकलं. खाली वाकून बुंध्यात चावी खुपसली तर ती मुठीपर्यंत आत गेली. लाकूड आतून कुजून भुसा झालं होतं.

त्या दिवसापासून मामानं आमचं जिणं हराम केलं. गॅलरीत चारपेक्षा जास्त माणसं दिसली की तो खालून ओरडायचा. मालकाचं भाडं वसूल करणाऱ्या मेहत्याकडे चार खेपा घातल्या. मेहता म्हणाला, पावसाळ्यानंतर बघू. जानेवारीत पावसाळ्याची वाट बघायला सांगणाऱ्या माणसाशी काय बोलणार? शेवटी मामानं भंगारातून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा मिळवला. आधी गॅलरीच्या तुळईला खालून सागाच्या दोन बल्ल्यांचा तात्पुरता टेकू द्यायचा, मग कुजका खांब काढायचा आणि खड्ड्यात काँक्रीट घालून रूळ उभा करायचा, असं ठरलं.

टेकू देऊन, खांब काढून झाल्यावर संक्रांतीच्या दिवशी मामा कामावर गेला आणि खड्डा खणायचं काम आमच्यावर सोपवून गेला. आम्ही पाच-सहा जण उत्साहात खणायला लागलो. हातभर खाली पाणी आलं. कमरेइतका खड्डा झाला तेव्हा तो अर्धा पाण्यानं भरलेला होता. आम्ही म्हटलं, उपसू या. बादल्या आल्या, डबे आले, हातोहात पाणी गटारात जायला लागलं. जितकं उपसावं तितकं खालून वर यायचं, आणि येताना बाजूची वाळू घेऊन यायचं. काठ ढासळला. खड्डा दुप्पट रुंद झाला आणि शेजारच्या धडक्या खांबाखालचा दगड उघडा पडायला लागला, तरी आम्ही आपले उपसतोच आहोत. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता, हे कबूल केलेलं बरं.

मामा गोदीतून परतला तो डबाही खाली न ठेवता थेट खड्ड्यापाशी आला. आजचा दिवस गोड बोलायचा असतो हे त्याच्या लक्षात राहिलं नसावं. त्यानं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, माझ्या हातातली बादली हिसकावून फेकली आणि म्हणाला, पाणी काढू नका. पाण्याला हलवूच नका. जेवढं काढाल तेवढी जमीन काढाल.

मग काय, पाण्यातच ओतणार? आम्ही हसलो. पाण्यात सिमेंट म्हणजे पेज होणार, असं चाळीतला झाडून प्रत्येक जण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यानं पाण्यातच ओतलं. रूळ खड्ड्यात उभा केला, ओळंबा लावून सरळ केला, चारी बाजूंनी बांबूंनी जखडला. मग छपराच्या पन्हळीचा पत्र्याचा नळ आणला आणि रुळालगत असा सोडला की त्याचं तोंड तळाला टेकलं. वरच्या तोंडाला रॉकेलचा डबा कापून नरसाळं बसवलं. नळात आधी गोणपाटाचा बोळा कोंबला. म्हणजे काँक्रीट बोळ्याला ढकलत खाली जाईल आणि वाटेत त्याची पाण्याशी गाठ पडणार नाही. काँक्रीटही त्यानं असं सैल पण चिकट कालवलं होतं की ते नळातून आपल्याच भारानं घसरत जावं. आम्ही घमेली देत गेलो, तो नरसाळ्यात ओतत गेला आणि नळ बोट-बोट वर उचलत गेला. नळाचं तोंड मात्र काँक्रीटच्या आतच बुडलेलं ठेवायचं, एकदाही बाहेर काढायचं नाही. तळातून काँक्रीट चढत होतं आणि त्याच्या डोक्यावर पाणी, जसंच्या तसं, काठावरून सांडत होतं. दोन तासांत खड्ड्यातलं सगळं पाणी अंगणात होतं आणि खड्डा काँक्रीटनं भरला होता. एक बादलीसुद्धा उपसली नव्हती. ते दोन तास मामा जागचा हलला नाही. त्याला तसं उभं असलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. काम संपल्याबरोबर तो पूर्ववत झाला आणि चाळीला तीन चकरा मारून आला.

मग नियम सांगितले. आठ दिवस गॅलरीच्या टोकाला कुणी जायचं नाही. टोकाकडच्या दोन बिऱ्हाडांनी अलीकडे शेजाऱ्यांत राहायचं. रुळाच्या माथ्यात आणि तुळईत दोन बोटांची फट ठेवली होती. काँक्रीटनं धरलं की त्या फटीत लोखंडी पाचरा ठोकायच्या आणि मग तुळई रुळावर बसणार. तोवर सगळा भार बल्ल्यांवर, आणि बल्ल्या ओल्या मातीवर. बल्ल्या गॅलरीला उचलून धरतील, तुम्हाला नाही, असं त्यानं प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. गॅलरीत आडवी सुंभाची दोरी बांधली.

सोमवारी सकाळी मी विचारलं, मामा, सुकलं का? त्याला मिरची झोंबली.

"सुकना नाय रे, धरता," तो म्हणाला. "पाण्यात आसा तां सुकतला कसा?"

तेव्हापासून चाळीत मामाचा तो मालवणी शब्द लागला. सकाळी मामा खड्ड्यापाशी उकिडवा बसून ठोकायचा, वरून कुणीतरी विचारायचं, मामा, धरल्यान? म्हणजे धरलं का? तो मान हलवायचा. नाही. पोरंसोरं, बायका, शेजारच्या चाळीतले, सगळे एकमेकांना तेच विचारायला लागले. एवढी वाट तर आम्ही गिरणीच्या बोनसचीही पाहिली नसेल.

त्याच सोमवारी संध्याकाळी रेडिओवर जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार. त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. रस्त्यावर माणसं उतरली, दगड सुरू झाले, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. ओळखीच्या घरांतली माणसं गेली. मला त्या दिवसांचा राग अजून येतो. तेव्हा तो राग अंगात मावत नव्हता, आणि बाहेर जायची बंदी. खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची. रस्ता दिसायचा तो फक्त गॅलरीच्या टोकावरून, आणि तिथं मामाची दोरी. मी त्या दोरीकडे बघून दात खायचो.

गुरुवारी दुपारी दोन तास कर्फ्यू उठला. पाचरा करायला टाकल्या होत्या लालबागच्या दगडू लोहाराकडे. मामा निघाला. रखमामामीनं सांगून पाहिलं, आठ दिवस व्हायचे आहेत, आज पाचरा आणून काय त्यांना हळद-कुंकू वाहणार आहात? बसा घरात. मामा म्हणाला, हाताशी असलेल्या बऱ्या. खरं म्हणजे तीन दिवस कोंडून त्याचा जीव घुसमटला होता. तो बसणारा माणूसच नव्हता.

दोन तास संपत आले तरी मामा आला नाही. तेवढ्यात नाक्याकडून घोषणा ऐकू यायला लागल्या. कर्फ्यू परत लागायच्या आत एक मोठा जमाव रस्त्यानं येत होता. सगळी चाळ दारात आली. माणसं दोरीपर्यंत येऊन थांबली, माना लांब करून बघायला लागली. मी खाली फाटकात होतो. रस्त्यापलीकडून आमच्याच चाळीतला, मालवणकडचाच म्हातारा अप्पा धापा टाकत येताना दिसला. त्याला दमा. दोन्ही हात हलवत तो काहीतरी ओरडत होता. घोषणांच्या गोंगाटात मला त्यातला एकच शब्द ऐकू आला.

"...धरल्यान!"

मला पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. मनात म्हटलं, मामानं येताना वाटेत अप्पाला सांगितलं असेल. हे खुळचट होतं, काँक्रीट इथं आणि मामा लालबागला, तो तिथून काय ठोकून बघणार? पण ज्याला दोरी सोडायचीच आहे त्याला कारण पुरतं. मी वर बघून ओरडलो, "धरल्यान!" आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. मीच दोरी सोडली. आठ-दहा जण माझ्याबरोबर टोकाकडे धावले, मागून आणखी तीस-चाळीस रेटत होते.

रखमामामी मध्ये आली. काटकुळी बाई, हातात पीठ लागलेलं. दोन्ही हात पसरून तिनं गॅलरी अडवली आणि मागच्यांना तिथंच रोखलं.

"कोणी सांगल्यान?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, अप्पानं सांगितलं.

"अप्पा कोण सांगणारो? ह्येंनी ठोकूक नाय, तर धरल्यान कसा? ह्ये ठोकल्याशिवाय सांगूचे नाय."

लोक ओरडत होते, मामी, बाजूला हो, मोर्चा जाईल. कुणीतरी तिच्या खांद्याला धक्का दिला. ती हलली नाही. त्याच क्षणी आमच्या पायाखाली गॅलरी करकरली. फार मोठ्यानं नाही, पण मला ती ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदाच लाकडाचं बोलणं मला कळलं. मामीनं आम्हाला एकेकाला नाव घेऊन परत बोलावलं. धावायचं नाही, एकेकानं यायचं. आम्ही भिंतीला धरून एकामागून एक आलो. शेवटी मी आलो. तिनं दोरी उचलली आणि गाठ मारायला लागली.

गाठ मारता मारता तिचा हात थांबला. ती माझ्याकडे वळली. चेहरा पिठासारखा झाला होता.

"शामराव," ती म्हणाली, "सिमेंटान धरूक नाय, तर मग धरल्यानी कोणाक?"

मालवणीत एवढाच फरक. सिमेंटानं धरलं तर 'धरल्यान'. पोलिसांनी धरलं तर 'धरल्यानी'. ते शेवटचं 'नी' घोषणांत बुडालं होतं, आणि त्याच्या आधीचं 'लवूक', म्हणजे लवूला, अप्पाच्या दम्यात. अप्पा जिना चढून वर पोचला तेव्हा त्याला सांगायला काही उरलं नव्हतं. नाक्यावर झडती चालू होती. फडक्यात बांधलेले लोखंडाचे दोन टोकदार तुकडे घेऊन जाणारा माणूस, त्या दिवसांत, त्या वेळी. त्याला कोण सोडणार?

मला वाटलं मामी आता धावत सुटेल. रडेल, मला शिव्या तरी देईल. तिनं गाठ पुरी केली, ओढून पाहिली आणि घरातून पाट आणून दोरीला पाठ लावून बसली. मला म्हणाली, तू जा उद्या चौकीवर, मी हय बसतंय. मी गेले तर तुम्ही ती पुन्हा सोडाल, हे तिनं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कर्फ्यू उठला तेव्हा मी पोलीस चौकीतल्या कोठडीशी गेलो. हवालदार आपल्याकडचाच होता, त्यानं गजांपाशी जाऊ दिलं. आत पंधरा-वीस माणसं भिंतीला टेकून बसलेली आणि मामा त्यांच्यामधून येरझारा घालतोय. रात्रभर हेच चाललंय, कुणाला झोपू देत नाही, अशी हवालदारानं माझ्याकडे तक्रार केली. मामानं मला पाहिलं आणि मार लागला की जेवण मिळालं यातलं काही न बोलता विचारलं, "दोरी?"

खोटं बोलायचं मी ठरवून आलो होतो. ते जमलं नाही. मी म्हटलं, मी सोडली होती मामा. आणि झालेलं सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि गजावर बोटं आपटत होता. किती माणसं गेली, कुठपर्यंत गेली, आवाज कसा आला, खालून की मधून, हे त्यानं विचारून घेतलं. मग उगाचच कोठडीचा गज हलवून बघायला लागला. मला ती फळी आठवली. त्यालाही तीच आठवली असणार.

"रखमा बसली हा?"

"बसली हा. काल दुपारपासून."

मी निघालो तेव्हा मामा म्हणाला, काँक्रीटवर ओलं गोणपाट टाक, दिवसातून तीनदा पाणी मार, धरेपर्यंत त्याला तहान लागते. मी इमानेइतबारे मारलं. चाळीत दुसरं काही करण्याची माझी पत उरली नव्हती.

मामी पाच दिवस तिथून हलली नाही. स्टो तिथंच आणला, भाकऱ्या तिथंच भाजल्या, डोळा लागायचा तो तिथंच, कठड्याला टेकून. रस्त्यावरून दोनदा जमाव गेला. लोक तिच्यापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. जिन्यावर पाऊल वाजलं की मात्र ती मान वळवायची.

मंगळवारी मामाला सोडलं. गोदीतला पास दाखवून, तिथल्या साहेबाची चिठ्ठी आणून सुटका झाली, पण गडी बाहेर पडायला तयार होईना. जप्त केलेल्या पाचरा परत द्या म्हणाला. त्या भल्या हवालदारानं वैतागून त्या कपाटातून काढून दिल्या आणि हात जोडले.

मामा आला तो जिना चढला नाही. अंगणात बसून ओलं गोणपाट बाजूला केलं आणि ठोकलं. जागा बदलून पुन्हा ठोकलं. सगळी चाळ जिन्यात, दारांत, अंगणात उभी. मग शिडीवर चढून त्यानं फटीत पाचरा घातल्या आणि हातोड्याचे घाव घातले, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. तुळई रुळावर बसली. त्यानं दोन्ही बल्ल्या काढल्या, रुळाला कान लावला आणि उभा राहिला.

"धरल्यान," तो म्हणाला.

कुणी जागचं हललं नाही. सगळे वर मामीकडे बघत होते. मामा हातोडा टाकून जिना चढला. मामीनं बसल्या जागेवरून दोरीची गाठ सोडली. सुंभ घट्ट आवळलं होतं, सुटायला वेळ लागला. मग ती उठायला गेली, पण पाच दिवसांनी पाय तिचे राहिले नव्हते. ती कठड्याला धरून अर्धवट उभी राहिली. आठ-दहा पावलांवर नवरा उभा होता, दाढी वाढलेला, आणि चाळीतली पन्नास माणसं बघत होती. आमच्याकडच्या बायका चारचौघांत नवऱ्याशी बोलतसुद्धा नसत.

"आता माका धरा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मामानं तिला धरलं. तसंच गॅलरीच्या त्या टोकापर्यंत नेलं आणि रुळाच्या बरोबर वर तो तिला धरून उभा राहिला. रस्त्यावरून त्या वेळी काय गेलं ते मी पाहिलं नाही. तो किती वेळ उभा होता तेही सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात त्यानं काहीही ठोकून पाहिलं नाही.